चोवीस पांढरी, एक तांबडं

“घाई असेल त्यानं खुशाल चालावं. धावायला निवांतपणा लागतो.”

हे बगळ्याचं लाडकं वाक्य. कुणी त्याला कोपऱ्यावरून साबणाची वडी आणायला पाठवलं, की तो हे वाक्य ऐकवायचा आणि चालत निघायचा. चालायचा तरी कसा? दुकानांच्या पाट्या वाचत, कट्ट्यावरच्या मांजराची विचारपूस करत, आपल्याच सावलीला पुढं जाऊ देत. साबण येईपर्यंत धुतलेले कपडे पुन्हा मळतील, असं त्याची ताई म्हणायची. पण हाच माणूस एकदा मैदानात उतरला, की दहा हजार मीटर असे कापायचा, की दम बघणाऱ्याला लागावा आणि याच्या कपाळावर आठीसुद्धा नसावी.

नाव त्याला आईबापांनी चांगलं ठेवलं होतं. पण बारा वर्षांचा असताना अर्धी चड्डी घालून तो पहिल्यांदा धावला, त्या दिवशी सगळ्यांना त्याचे पाय दिसले. ते चांगलं नाव तेव्हापासून फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

आईबाप लवकर गेले. बगळ्याला वाढवलं ते ताईनं. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. रस्त्याला लागून एक खोली, मधोमध लांब टेबल, टेबलावर जाड ब्लँकेट आणि वर पांढरी चादर, भिंतीला घड्या ठेवायचे कप्पे आणि सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात बटणं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून सुटलेली, गठ्ठ्यात सापडलेली, ज्यांचा मालक कोण ते आता देवालाही सांगता येणार नाही अशी. ताईच्या दुकानातून कपडा बटणावाचून परत गेला, असं कधी झालं नाही. तिच्या हातून कपडा जळला, असंही कधी झालं नाही. या दोन गोष्टी ती स्वतः कधी सांगत नसे. तिला माहीत होतं, लोक सांगतात.

मोजायची तिची रीत मात्र उलटी. दिवसभरात किती कपडे झाले हे ती मोजत नसे. किती राहिले, ते मोजे. झालेलं मोजलं की माणूस फुगतो, राहिलेलं मोजलं की हात चालतो, असं तिचं म्हणणं.

बगळ्या धावायला लागला, तशी ही रीतही त्याच्या मागोमाग मैदानावर गेली. मैदान म्हणजे पाण्याच्या टाकीभोवतालची मोकळी जागा. शाळेतल्या कवायत मास्तरांनी ताईच्याच दुकानातली कपडे वाळत घालायची दोरी नेऊन ते मोजलं. फेरी चारशे मीटरची करायची होती. पण टाकीचा कठडा आडवा आला आणि त्याला वळसा घालता घालता फेरी जरा लांबली. मास्तरांनी डोकं खाजवलं, पाटीवर भागाकार केला आणि जाहीर केलं, की आपल्याकडं चोवीस फेऱ्यांत दहा हजार मीटर होतात. ताईनं डब्यातून शर्टाची चोवीस पांढरी बटणं निवडली आणि एका कापडी पिशवीत घातली. एक फेरी झाली, की एक बटण डाव्या मुठीतून उजव्या खिशात. आणि तोंडानं, राहिलेला आकडा. “बगळ्या, अकरा!” पुन्हा वळसा घालून आला, की “बगळ्या, दहा!” तेवीस फेऱ्या झाल्या, की मास्तर शाळेची पितळी घंटा बडवत. शेवटची फेरी राहिली, हा त्याचा अर्थ. पुढं टाकीभोवती जे जे धावले, ते सगळे याच घंटेवर धावले.

बगळ्या एकोणिसाव्या वर्षी राजधानीच्या मोठ्या स्टेडियमवर गेला. तिथली फेरी बरोबर चारशेची, म्हणजे पंचवीस फेऱ्या. ताईनं निघायच्या आधी डब्यात हात घालून कोटाचं एक मोठं तांबडं बटण काढलं आणि पंचविसावं म्हणून पिशवीत टाकलं. ते सगळ्यात शेवटी ठेवायचं. मुठीत तांबडं एकटं उरलं, की ती आकडा सांगत नसे. नुसतं म्हणे, “ऊठ!” लहानपणी सकाळी अंथरुणातून काढताना म्हणायची तसं, अगदी त्याच सुरात. आणि अंथरुणातून कधी वेळेवर न उठलेला बगळ्या तिथं मात्र असा उठे, की पुढचे तिघं मागं वळून बघत.

त्या वर्षी तो तिसरा आला. पुढच्या वर्षी दुसरा. त्याच्या जर्सीवरचा नंबर ताई चार कोपऱ्यांवर चार टाके घालून स्वतः शिवायची. टाचण्या टोचतात आणि टोचलेला माणूस धावत नाही, पळतो, असं तिचं मत.

मग गाडी अडली ती देशाच्या धावपटूंच्या संघटनेत. संघटनेच्या कचेरीत एक सचिव होते. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, “पुढच्या वेळी बघू.” बगळ्याला बाहेरदेशीच्या स्पर्धेतून पहिल्यांदा वगळलं तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं, दुसऱ्यांदा वगळलं तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळी घेतलं आणि धावायचे नवे बूट पाठवले. खोकं उघडलं तर दोन्ही बूट डाव्या पायाचे. बगळ्यानं पत्र लिहिलं. उत्तर आलं, की दिलेली वस्तू बदलून मिळत नाही. दाजी, म्हणजे ताईचे नवरे, यांनी ते उत्तर दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, की संघटनेनं याचे पाय नीट बघितलेत, दोन्ही डावेच आहेत. बगळ्या डाव्या पायात नवा आणि उजव्या पायात जुना बूट घालून गेला आणि पाचवा आला.

त्या स्पर्धेत डोंगरापलीकडच्या देशातला एक फरशीचा कारखाना होता. म्हणजे त्या कारखान्याचा धावपटूंचा संघ होता. त्यांच्या माणसानं बगळ्याचे पाय बघितले, मग बूट बघितले, मग बगळ्याकडं बघितलं. आमच्याकडं ये, म्हणाला. नोकरी देतो, खोली देतो, दोन्ही पायांचे बूट देतो. कागदपत्रं झाली, की आमच्या देशाकडून धाव.

बगळ्यानं सही केली. चूक झाली ती इथं नाही. चूक झाली ती ही, की ताईला त्यानं सही केल्यानंतर सांगितलं.

ताई तेव्हा एका शर्टाची कॉलर करत होती. तिनं कॉलर पुरी केली, बाह्या केल्या, घडी घातली, कप्प्यात ठेवली. मग म्हणाली, “जा. अडवत नाही. पण दुसऱ्याची जर्सी घालून माझ्यासमोर धावलास, तर फेरी सांगणार नाही. हाक म्हणून मारणार नाही.”

बगळ्याला वाटलं, आठ दिवसांत राग उतरेल. त्यानं ताईला ओळखलं नव्हतं असं नाही. ओळखूनही त्याला तसं वाटलं.

तिकडं गेल्यावर कळलं, की देश बदलला, की तीन वर्षं कुणाकडूनच धावता येत नाही. जुन्याकडून नाही, नव्याकडून नाही. तीन वर्षं माणूस ना इकडचा ना तिकडचा. बगळ्या कारखान्यात फरशा पेट्यांत भरायचा आणि सकाळ-संध्याकाळ एकटाच धावायचा. हे सगळं तो पत्रांत लिहायचा. पत्रं दाजींच्या नावानं यायची, कारण ताईच्या नावानं आलेलं पहिलं पत्र तिनं न फोडता परत पाठवलं होतं. दाजी ती दुकानात मोठ्यानं वाचायचे, भिंतीला वाचून दाखवल्यासारखी. ताई ऐकत नसे. फक्त वाचन चालू असताना इस्त्री जरा हळू चाले, आणि मधेच दाजी थांबले, तर ती विचारे, “का, पुढं भिंतीला सांगण्यासारखं नाही?”

शपथेचं पत्र दाजींनी तीनदा वाचलं. नव्या देशाचा नागरिक व्हायचं, तर त्यांच्या भाषेत शपथ म्हणावी लागे. बगळ्यानं ती धावता धावता पाठ केली होती, दर चार पावलांना एक तुकडा. कचेरीत उभा राहिला, तर एक शब्द आठवेना. अधिकारीण वाट बघून बघून कंटाळली. शेवटी यानं परवानगी मागितली आणि टेबलासमोर जागच्या जागी धावत अख्खी शपथ घडाघडा म्हटली. अधिकारीणबाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, की इतक्या वेगानं आमचा देश आजवर कुणी स्वीकारला नव्हता. त्या दिवशी ताईला ठसका लागला. इस्त्रीच्या वाफेनं, असं ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट पत्रांतून कळली. त्या भाषेतले आकडे बगळ्याला दहापर्यंतच आले. तिकडचा प्रशिक्षक राहिलेल्या फेऱ्या ओरडायचा, त्यातल्या पहिल्या पंधरा याला कळायच्याच नाहीत. ‘पंधरा फेऱ्या मी अंदाजानं धावतो,’ त्यानं लिहिलं होतं, ‘आणि अंदाज ताईच्या आवाजात येतो.’ हे वाक्य दाजींनी एकदाच वाचलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

अशी सहा वर्षं गेली. तीन कुणाचाच नसल्याची, तीन पलीकडच्या जर्सीतली. आणि मग शेजारपाजारच्या देशांची स्पर्धा नेमकी ताईच्या शहरात भरली, नव्या स्टेडियमवर. बगळ्या येणार हे सगळ्या गल्लीला कळलं. गल्लीचा माणूस म्हणून पोस्टमन धावणार होता, तोच पोस्टमन, जो सहा वर्षं बगळ्याची पत्रं दुकानात टाकत आला होता. तोही टाकीभोवतीच तयार झालेला, बगळ्याहून पाच वर्षांनी लहान. आता लोक ताईला रोज विचारायचे, की तुम्ही कुणाच्या बाजूनं? ताई सांगायची, पोस्टमनच्या. वेळेवर येतो आणि सांगून जातो.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी हॉटेलातून कपड्यांचा गठ्ठा आला. पलीकडच्या देशाच्या संघाचा. गावात चांगली इस्त्री कुठं मिळते, असं त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं असणार, आणि हॉटेलवाला दुसरं कुणाचं नाव घेणार? ताईनं एकेक जर्सी उघडून केली. सातवी उघडली, तर पाठीवरचा नंबर टाचण्यांवर लटकलेला, एक कोपरा वर, एक खाली. खांद्याच्या रुंदीवरूनच तिनं ओळखलं. तिनं जर्सी बाजूला ठेवली. बाकीच्या केल्या. पुन्हा तिच्याकडं बघितलं. मग चारही टाचण्या काढल्या आणि सुईत दोरा ओवला.

दाजी दारात उभे होते.

“गिऱ्हाईकाचं काम आहे,” ताई म्हणाली. “वाकडं जाऊ देऊ?”

दाजींनी काही विचारलंच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी ते दोघं दुसऱ्या वळणावर, कठड्याला लागून बसले. जागा ताईनं निवडली. तिथून पोस्टमन चांगला दिसेल, म्हणाली. कोटाच्या खिशात हात घातला, तर बटणांची पिशवी तिथं होती. हा कोट मी कधी घालत नाही, त्यात राहिली असेल, असं ती म्हणाली. सहा वर्षं ती पिशवी फळीवरच्या डब्यात होती, हे दाजींना माहीत होतं. पण बायकोशी इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला कधी गप्प बसायचं तेही माहीत असतं.

मैदानावर शेवटच्या फेरीची घंटा वाजवायचा मान कवायत मास्तरांना दिला होता. म्हातारे झाले होते, पण कडक इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेतली तीच पितळी घंटा घेऊन आले होते.

शर्यत सुटली. दहा-बारा जण होते. बगळ्या मधे कुठंतरी, निवांत, पाट्या वाचत निघाल्यासारखा. पाठीवरचा नंबर असा सपाट, की वाऱ्यानं हलत नव्हता. पहिल्या फेरीला ताईसमोरून जाताना त्यानं कठड्याकडं बघितलं. ताईनं पोस्टमनकडं बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि मूठ खिशात होती, आणि त्या मुठीतून एक पांढरं बटण दुसऱ्या खिशात गेलं. चोवीस राहिली. तेवीस राहिली. गर्दी पोस्टमनच्या नावानं ओरडत होती. बगळ्या दर फेरीला कठड्याकडं बघायचा, ताई दर फेरीला पोस्टमनकडं. दाजी दोघांकडं बघून दमले.

तेवीस फेऱ्या झाल्या तेव्हा पाचजण पुढं उरले होते, त्यात बगळ्या आणि पोस्टमन. ते रेषेवरून पुढं गेले आणि मास्तरांनी घंटा बडवायला सुरुवात केली. सगळ्या ताकदीनं, दोन्ही हातांनी. वर्षानुवर्षं तेवीस फेऱ्या झाल्या, की त्यांनी घंटा बडवली होती. हात डोक्याला विचारायला थांबला नाही. राहिलेल्या फेऱ्यांचा आकडा दाखवणाऱ्या पाटीवाल्यानं घंटा ऐकली आणि मुकाट्यानं पाटीवर एक केला.

पाचही जण सुसाट सुटले. टाकीभोवती तयार झालेले ते दोघं तर सगळ्यांच्या पुढं. ती घंटा त्यांच्या हाडांत मुरलेली.

ताईच्या मुठीत दोन बटणं होती. एक पांढरं, एक तांबडं. तिनं मूठ बाहेर काढून उघडून बघितली, पुन्हा बघितली. मोजण्यात तिची चूक होत नाही, हे तिला माहीत होतं. तिचा शब्दही मोडत नाही, हेही माहीत होतं. वळणावर बगळ्या येत होता, मान मागं टाकून, सगळी ताकद एकाच फेरीत ओतत. ही फेरी संपली, की तो थांबेल, हात वर करील, आणि अख्ख्या शहरासमोर त्याचं हसं होईल. सहा वर्षांचा शब्द आणि पुढची चार पावलं. चारच पावलं होती तिच्याजवळ.

ताई उठून उभी राहिली.

“बगळ्या, दोन! अजून दोन!”

त्याची मान खाली आली. एखाद्याला झोपेतून हाक मारावी तशी. त्याचे पाय सैलावले, श्वास जागेवर आला. आवाज ताईचा होता आणि भाषा आपली होती. त्याच्या खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या पोस्टमनलाही तो ऐकू आला. तोही आवरला. बाकीच्या तिघांना ती भाषा कळत नव्हती. ते दोघांना मागं टाकून गेले, रेषेवर पोचले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. एक जण तर मैदानाला मुका द्यायला खाली वाकला. त्याच्या शेजारून बगळ्या आणि पोस्टमन तसेच पुढं गेले. पंचांच्या टेबलाशी एकच गोंधळ उडाला. मास्तर आपल्या घंटेकडं अशा नजरेनं बघत होते, की चूक तिचीच.

आता शेवटची फेरी आणि दोघंच. ताईच्या मुठीत तांबडं बटण. आकडा सांगून झाला होता. तेवढं माणुसकीनं कुणालाही सांगितलं असतं, असं म्हणायला जागा होती. ते दोघं वळणावर आले. ताईचे ओठ हलले. मग तिचा तिलाच आवाज ऐकू आला, सकाळच्या अंथरुणापाशी म्हणायची त्याच सुरात.

“ऊठ!”

बगळ्या उठला. असा उठला, की पोस्टमनच्या पुढं पाच पावलं गेला. पण पोस्टमनचे पाय पाच वर्षांनी तरुण, आणि शहर त्याच्या पाठीशी. शेवटच्या दहा पावलांत त्यानं बगळ्याला गाठलं आणि छातीभर पुढं होऊन फीत तोडली. पंचांच्या कागदावर पंचवीस फेऱ्या भरल्या त्या आधी याच दोघांच्या. पहिला पोस्टमन, दुसरा बगळ्या.

ताईचं काय करावं, हे मात्र कुणाला ठरवता येईना. तिच्या हाकेमुळं आपला माणूस जिंकला म्हणून सचिव स्वतः हात जोडून आले. तिच्याच हाकेमुळं आपला माणूस वाचला म्हणून पलीकडच्या संघाचा प्रमुखही टोपी काढून आला. दोघं एकाच वेळी आले आणि एकमेकांकडं बघत राहिले. तुम्ही नक्की कुणाच्या, असं एकानं विचारलंच. मी इस्त्रीवाली, ताई म्हणाली. कपडा कुणाचा का असेना, घडी तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्या दुकानात आला. संघाची बस तासाभरात सुटणार होती. सहा वर्षांनी तो त्या टेबलासमोर उभा होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. दाजी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं, असं नंतर पोस्टमननं सांगितलं. तो टपाल घेऊन आला होता आणि दारातच थबकला होता.

ताई पांढरा टेबलक्लॉथ करत होती.

“हाक मारलीस,” बगळ्या म्हणाला.

“तुला नाही. पोस्टमनला मारली.”

“नाव माझं घेतलंस.”

“सवय. त्याचं नाव तोंडात बसलेलं नाही.”

“त्यानं ऐकलं म्हणून माझा पहिला नंबर गेला.”

“मग त्याच्या कानाला काय बूच लावायचं होतं मी?”

पोस्टमन दारात आपल्या कानाला हात लावून उभा राहिला. बगळ्या टेबलाच्या आणखी जवळ सरकला. मग त्यानं हळूच विचारलं, “बरं, दोन राहिल्या, हे त्याला सांगितलंस. ‘ऊठ’ कुणाला म्हणालीस?”

 ताई टेबलाकडं बघत राहिली, आणि इस्त्री जिथं होती तिथंच राहिली, आणि थोड्या वेळानं दुकानात एक वास सुटला, जो त्या दुकानात कधीच कुणी घेतला नव्हता. दाजींनी पेपर खाली केला. ताईनं इस्त्री उचलली. टेबलक्लॉथवर इस्त्रीचा तपकिरी, टोकदार, नीट ठसा उमटला होता.

“आधी सांगायचं असतं रे,” ताई म्हणाली. “सही करायच्या आधी सांगायचं असतं. मी नाही म्हटलं असतं का?”

“म्हटलं असतंस.”

“म्हटलं असतं,” ताईनं कबूल केलं. “मग दोन दिवसांनी हो म्हटलं असतं. ते दोन दिवस तू माझे घेतलेस.”

बगळ्यानं मान खाली घातली. आता देतो ते, म्हणाला. पुढच्या वेळी काहीही करायचं झालं, तर दोन दिवस आधी कळवीन. कुणाच्या नावानं पत्र टाकू? ताईनं खांद्यानं दाजींकडं खूण केली, मग ती थांबली आणि म्हणाली, माझ्या. तिनं खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून ते तांबडं बटण काढलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, की पांढरी माझ्याकडं राहतील. पंचविसावं तू सांभाळ. पुन्हा धावशील तेव्हा आणून दे.

कोपऱ्यावरून बसचा भोंगा वाजला. एकदा, मग दोनदा. दाजी म्हणाले, धाव आता, नाही तर राहशील इथंच.

“घाई आहे ना,” बगळ्या म्हणाला, “म्हणून चालतो.”

आणि तो चालत निघाला. दुकानांच्या पाट्या वाचत, कट्ट्यावरच्या मांजरापाशी थांबत, सावलीला पुढं जाऊ देत. भोंगा तिसऱ्यांदा वाजला तरी पावलाचा वेग बदलला नाही. दारात पोस्टमन उभा होता, टपालाची पिशवी खांद्यावर तशीच, त्याच्यामागं दाजी, आणि सगळ्यांच्या पुढं रस्त्यावर उतरून ताई, हातात गार होत चाललेली इस्त्री. कोपऱ्यापर्यंत विजेचे खांब होते. ती राहिलेले मोजत होती. पाच. चार. तीन. दोन. शेवटच्या खांबापाशी बगळ्यानं मागं न बघता एक हात वर केला, मूठ मिटलेली, आणि कोपरा वळला.